जुन्या वस्तूंची पाठवणी

(१)

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी घरोघर लक्ष्मीपूजन होते, तेव्हा पाटावर मांडलेले रुपये, दागिने व जमाखर्चाच्या चोपड्या ह्यांच्या शेजारी एक नवी केरसुणी ठेवून तिलाही हळदकुंकू वाहण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, स्त्रियांनी सुपे वाजवून अलक्ष्मीस घराबाहेर घालवावे, असेही व्रतोत्सवांच्या ग्रंथांतून सांगितलेले आढळते. येणारीचे स्वागत आणि जाणारीची बोळवण ही दोन्ही कृत्ये एकाच रात्री व्हावीत, आणि घरातील केर बाहेर काढण्याचे जे साधन तेच लक्ष्मीचे प्रतीक ठरावे, ह्यात आम्हांस आपल्या पूर्वजांच्या संसारदृष्टीचे एक मर्म दिसते. घरात काय येते ह्याला जितके महत्त्व, तितकेच घरातून काय जाते व कसे जाते ह्यालाही आहे, हे ते मर्म होय.

इतिहासलेखकांनी मात्र ह्या दुसऱ्या अंगाकडे फारसे लक्ष पुरविलेले नाही. दरबारात आलेल्या नजराण्यांच्या याद्या आपण छापतो, लग्नात दिलेल्या भांड्यांचे व वस्त्रांचे तपशील टिपून ठेवतो. परंतु ती भांडी व ती वस्त्रे अखेरीस कोठे गेली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. वास्तविक पुराणवस्तुसंशोधकाचा सारा व्यवहार टाकलेल्या वस्तूंवरच चालतो. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पंडितांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले, आणि तेथे तीन हजार वर्षांपूर्वी नांदणारे शेतकरी काय पिकवीत, काय खात व कसल्या भांड्यांत शिजवीत, हे आपणांस कळले. ते कळले कशावरून? त्या लोकांनी जपून ठेवलेल्या वस्तूंवरून थोडे, आणि त्यांनी फेकून दिलेल्या खापरांवरून, हाडांवरून व जळक्या धान्यावरून फार. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो अशी आपल्याकडे म्हण आहे. इनामगावच्या उकिरड्याचा पांग फिटावयास तीस शतके लागली, एवढेच.

प्रस्तुत लेखात आमचा हेतू मर्यादित आहे. आज दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत, किंवा जुना वाडा पाडून त्याजागी सदनिका बांधण्याची वेळ आली म्हणजे, प्रत्येक सुशिक्षित कुटुंबापुढे एक ढीग उभा राहतो आणि घरातील मंडळी एकमेकांस विचारतात, ‘हे सारे टाकायचे कोठे?’ आमच्या समजुतीप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीच्या मराठी घरात हा प्रश्न अशा शब्दांत विचारला जात नसे. त्या काळी प्रश्न असे तो ‘हे द्यायचे कोणाला?’ असा. ‘कोठे’ आणि ‘कोणाला’ ह्या दोन शब्दांमध्ये जे अंतर पडले, त्याचा थोडासा इतिहास येथे सांगावयाचा आहे. तो सांगताना जुन्या रीतीचे गुण तर दाखवूच, पण तिचे दोषही झाकणार नाही.

(२)

प्रथम धातूच्या भांड्यांचा विचार करू. तांब्यापितळेचे भांडे आपल्या घरांतून खऱ्या अर्थाने कधी टाकले जातच नसे. घागरीस पोचा आला तर ती तांबटाकडे ठोकून घेण्यास जाई. पातेल्याच्या आतले कथिल गेले तर दारावर येणारा कल्हईवाला भाता लावून अंगणात बसे, आणि नवसागराच्या धुराचा तो उग्र वास ज्यांनी लहानपणी घेतला आहे त्यांस तो अद्याप आठवत असेल. भांडे दुरुस्तीपलीकडे गेले म्हणजे त्याची ‘मोड’ होई. मोड तराजूत घातली जाई, वितळताना होणारी घट वजा केली जाई, मजुरी वेगळी सांगितली जाई, आणि उरलेल्या किमतीपोटी नवे भांडे घरात येई. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी, नाशिकचा भांडी बाजार, कोकणातील गावोगावचे कासार, ही सारी ठिकाणे केवळ विक्रीची दुकाने नव्हती. ती जुन्याचे नवे करणारी केंद्रे होती. आजीच्या घागरीचे तांबे नातीच्या बंबात असणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे.

ह्या व्यवहारात हानी होत नसे असे नाही. जुन्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावे कोरलेली असत: कोणाच्या बारशाचा पेला, कोणाच्या मुंजीचा तांब्या, कोणा विधवा आत्याने देवास वाहिलेली समई. भांडे भट्टीत गेले म्हणजे ते नावही गेले. ज्या स्त्रियांची नावे दुसऱ्या कोणत्याही लेखात सापडावयाची नाहीत, त्यांची ती एकमेव नोंद असे. तथापि भांडी मोडीत निघण्यापूर्वी घरातील वडीलधारी बाई एकदा त्यांवरून हात फिरवून हे कोणाचे, ते कोणाचे, असे सांगत असे, आणि त्यातील एखादे बाजूस काढून ठेवीत असे. निवड करण्याचा हक्क वस्तूचा इतिहास जाणणाऱ्या माणसाकडे होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

मोड देऊन नवे घेण्याची ही चाल किती जुनी असावी? तिचा एक पुरावा फार दूरच्या जागी सापडला आहे. बाराव्या शतकात अब्राहम बेन यिजू नावाचा एक ज्यू व्यापारी मूळचा उत्तर आफ्रिकेचा, पण मंगळूर येथे कित्येक वर्षे राहिला होता. तेथे त्याने पितळी व काशाची भांडी घडविण्याचा कारखाना चालविला. एडनच्या व्यापाऱ्यांनी त्यास लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत इकडून धातू व जुनी मोडकी भांडी पाठविली आहेत, त्यांची अमुक मापाची नवी भांडी घडवून परत पाठवावी, अशा मागण्या आढळतात. म्हणजे एडनमधील एखाद्या घरातली फुटकी भांडी पश्चिम समुद्र ओलांडून मंगळुरास येत, आणि आपल्या किनाऱ्यावरील कारागिरांच्या हातून नवी होऊन पुन्हा स्वगृही जात. तांबट आळीतील व्यवहाराचेच हे विस्तृत रूप होय. आठशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर ही क्षुल्लक पत्रे शिल्लक कशी राहिली, हे मात्र एक मोठे कोडे आहे. त्याचा उलगडा पुढे कागदांच्या प्रकरणी करू.

(३)

वस्त्राचा प्रवास भांड्याहून लांब व अधिक करुण. नऊवारी लुगडे विरले म्हणजे त्याच्या धड भागाची दोन परकरांपुरती कापडे निघत. उरलेल्या मऊ भागातून बाळंतिणीच्या बाळासाठी झबली व दुपटी होत, कारण नव्या कापडाची खर तान्ह्या अंगास सोसत नाही हे बायकांस ठाऊक होते. त्यानंतर गोधडी. एका गोधडीत तीन पिढ्यांची लुगडी व धोतरे थरांनी एकत्र येत. गोधडीही फाटली म्हणजे चिंध्या, चिंध्यांचे पोतेरे किंवा काकडा, आणि शेवटी राख. ती राखही भांडी घासण्यास. श्रीकृष्णाचे बोट कापले तेव्हा उंची वस्त्रांनी भरलेल्या सुभद्रेच्या घरी चिंधी सापडली नाही आणि द्रौपदीने अंगावरचे वस्त्र फाडून दिले, ही लोककथा आपल्या बायका सांगतात. तीत भक्तीचा महिमा आहेच. पण ज्या घरात चिंधी नाही ते घर काही तरी चुकलेले आहे, असा एक संसारी शहाणपणाचा सूरही आम्हांस तीत ऐकू येतो.

शहरांत ह्या साखळीत एक नवी कडी आली, ती बोहारणीची. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दुपारच्या वेळी ती येई, आणि चार जुनी धोतरे व दोन कोट ह्यांवर एक स्टीलचे पातेले द्यावे की नाही, ह्याचा वाद उंबऱ्यावर तासभर चाले. मुंबईत हा धंदा बहुतांशी गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या स्त्रियांनी चालविला. त्यांनी नेलेले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा बाजारात विकले जात, आणि ज्यास नवा सदरा परवडत नसे त्याच्या अंगावर तो चढे. ह्या घासाघिशीची आपल्या विनोदी लेखकांनी पुष्कळ थट्टा केली आहे. परंतु तीत एक गोष्ट मोलाची होती. घेणारी आणि देणारी समोरासमोर बसत, आणि जुन्या वस्त्रास किंमत आहे हे दोघींसही मान्य असे.

दुसरा एक फिरता खरेदीदार मात्र संहारक ठरला. ‘जुनी जर’ अशी आरोळी देत तो येई व पैठण्या, शालू, जरीचे रुमाल वजनावर घेई. जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. वस्त्र जाळले म्हणजे राखेत चांदी उरते. त्या थोड्याशा चांदीकरिता किती पैठण्या अग्नीस अर्पण झाल्या त्याची गणती नाही. हे पाप गरजेपोटी झाले हे खरे, आणि घरात धान्य नसता पेटीत पैठणी ठेवावी असे सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. तरीही अनेक घरांतून पैठणी गेली ती उपासमारीमुळे नव्हे, तर तिचे काम काय, तिची वीण कोणती, हे सांगणारी सासू आधीच गेली होती म्हणून.

येथवर आम्ही जुन्या रीतीचे गुणच गाइले. आता तिची काळी बाजू सांगितली पाहिजे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात, सेवा करणाऱ्या शूद्रास काय द्यावे हे सांगताना उष्टे अन्न, जीर्ण वस्त्रे, धान्यातील पोचट भाग आणि जुने झालेले घरातील सामान ह्यांचा स्पष्ट निर्देश आहे. त्याच अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत असाही दंडक आहे. म्हणजे घरातील नकोशा वस्तूंची व्यवस्था लावण्याचा हा आपल्याकडील एक अतिप्राचीन नियम. आणि तो वस्तूंपेक्षा माणसांची वर्गवारी करण्यासाठी अधिक वापरला गेला. ‘हे द्यायचे कोणाला?’ ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरांत सहज मिळत असे, ह्याचे एक कारण हेही होते की, जुने, फाटके व उष्टे घेणे ज्यांच्या नशिबी लिहून ठेवले होते अशी माणसे गावाबाहेर वसविलेली होती.

१९२७ साली महाड येथे ह्या व्यवस्थेस जाहीर आव्हान मिळाले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजास उष्ट्या तुकड्यांवर जगण्याचे व मृत जनावरांचे मांस खाण्याचे सोडून द्या असा उपदेश केला. आणि त्याच गावी २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. चवदार तळ्याच्या पाण्याचा प्रश्न सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु दुसऱ्याने टाकलेले घेणार नाही हा जो निश्चय तेथे व्यक्त झाला, त्याकडे सुखवस्तू घरांनी आपल्या माळ्यावरच्या ढिगाकडे पाहताना अधिक लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. जे आपण स्वतः कोणाच्या हातून घेणार नाही, ते दुसऱ्यास देऊन दानाचे पुण्य मागणे हा व्यवहार त्या वर्षीच निकालात निघावयास हवा होता. आजही पूर येतो, भूकंप होतो, आणि मदतीच्या नावाखाली गाठोडी भरभरून मळके, बटणे तुटलेले कपडे पाठविले जातात. तेव्हा तो निघालेला नाही हे दिसून येते.

(४)

आता कागदांकडे वळू, कारण इतिहासाच्या अभ्यासकाचा जीव खरा तेथे गुंतलेला असतो.

मराठ्यांच्या राज्यकारभाराचा बहुतेक लेखनव्यवहार मोडी लिपीत झाला. देशमुख, कुलकर्णी, सावकार, सरदारांचे कारकून ह्यांच्या घरी कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले असत. इंग्रजी अमदानीत छापखाने आले, छापण्यास सोयीची म्हणून बाळबोध लिपी सर्वत्र झाली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळेतून मोडीचे शिक्षणही गेले. एक संबंध पिढी अशी आली की, तिला आपल्याच आजोबांचे हस्ताक्षर वाचता येईना. कागद तेच होते, फक्त वाचणारा नव्हता. कोणतीही वस्तू निरुपयोगी झाली म्हणून नकोशी होते असे आपण समजतो. पुष्कळदा ती आपणांस कळेनाशी होते म्हणून नकोशी होते, आणि न कळण्याचा दोष आपण वस्तूच्या माथी मारतो.

ह्या रुमालांना तीन वाटा होत्या. काही वाण्याकडे पुड्या बांधावयास गेले. काही कागद करणाऱ्यांकडे गेले. कारण जुनी गोणपाटे, दोरखंड व रद्दी कुटून लगदा करणे हीच आपल्या हातकागदाची रीत. आणि काही नदीस गेले. ही तिसरी वाट सर्वांत विचार करण्याजोगी आहे. प्रत्येक कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ लिहिलेली. तो पायदळी येऊ नये, चुलीत जाऊ नये, म्हणून पोथ्या व जुने कागद वाहत्या पाण्यात सोडीत. छापील पोथ्या स्वस्त झाल्यावर हस्तलिखितांची गरज संपली, आणि कृष्णा, गोदावरी, भीमा ह्या नद्यांनी आपल्या वाङ्मयाचा केवढा भाग पोटात घेतला ते सांगता येत नाही. हे अनास्थेने झाले नाही. ते भक्तीने झाले, म्हणूनच अधिक दुःखद आहे.

आमच्या स्वतःच्या घरची हकीकत सांगण्याचा मोह येथे आवरत नाही. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी, आम्ही कॉलेजात नुकतेच प्रवेशलो असता, कृष्णाकाठचे आमचे वडिलार्जित घर वाटणीत निघाले. माळ्यावर तांबड्या वस्त्रात बांधलेले दोन रुमाल होते. ते कोणासच वाचता येत नव्हते. आमच्या थोरल्या आत्याबाईंनी स्नान करून, त्यांवर फूल वाहून, ते स्वहस्ते घाटावरून पाण्यात सोडले, आणि आम्ही पायऱ्यांवर उभे राहून पाहिले. त्या वेळी आम्हांस त्यात काहीच वावगे वाटले नाही. पुढे मोडी शिकल्यावर, त्याच घरातून आलेल्या एका पेटीच्या झाकणास आतून चिकटविलेला एक कागद आम्ही सोडवून वाचला. ती एका महिन्याच्या घरखर्चाची याद निघाली. तेल, मीठ, कल्हईची मजुरी, आणि ‘मोड तांब्याची शेर अडीच’ अशी एक नोंद. त्यात राजकारण नव्हते, लढाई नव्हती. परंतु ती याद वाचताना एक घर आमच्या डोळ्यांपुढे चालू लागले, आणि असे किती महिने त्या दोन रुमालांत होते, हा विचार त्यानंतर आम्हांस कधी सोडून गेला नाही. आत्याबाईंस दोष देण्याचे आमच्या मनातही येत नाही. त्यांनी आपल्या ज्ञानाप्रमाणे त्या कागदांची सन्मानाने पाठवणी केली. दोष असलाच तर, ‘पंधरा दिवस थांबा, कोणास तरी दाखवू’ एवढे शब्द न उच्चारणाऱ्या पायऱ्यांवरच्या आमचा.

मंगळूरच्या व्यापाऱ्याच्या पत्रांचे कोडे आता उलगडते. ज्यू लोकांतही, ज्या कागदावर ईश्वराचे नाव असण्याचा संभव आहे तो नष्ट करू नये असा आचार आहे. असे कागद प्रार्थनामंदिरातील एका खोलीत टाकतात व काही काळाने दफन करतात. त्या खोलीस ‘गनिझा’ म्हणतात. जुन्या कैरोतील बेन एझ्रा मंदिराच्या गनिझातील कागदांचे दफन मात्र शतकानुशतके व्हावयाचे राहून गेले. १८९६ च्या अखेरीस केंब्रिजचे पंडित सॉलोमन शेश्टर तेथे गेले व त्यांनी तो संग्रह केंब्रिजला आणला. तेथे आज सुमारे एक लक्ष नव्वद हजार कागदांचे तुकडे आहेत. त्यांत धर्मग्रंथ आहेत, तसेच विवाहाचे करार, व्यापाऱ्यांची पत्रे, हिशेब व वधूबरोबर पाठविलेल्या सामानाच्या याद्याही आहेत. त्यांच्याच आधारावर एस. डी. गॉइटाइन ह्यांनी मध्ययुगीन भूमध्यसमुद्राकाठच्या समाजाचे आपले विशाल चरित्र लिहिले, आणि बेन यिजूच्या भट्टीची वार्ता आपणांपर्यंत आली. कैरोच्या आणि कृष्णाकाठच्या श्रद्धेत काडीचा फरक नव्हता. फरक एवढाच की, एकीने कागद कोरड्या खोलीत ठेवला आणि दुसरीने पाण्यात सोडला.

आपल्याकडे ही गळती थांबविण्याचा मोठा प्रयत्न वि. का. राजवाडे ह्यांनी केला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, आणि पुढे एकूण २२ खंड झाले. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवर चढून, उंदीर व वाळवी ह्यांच्याशी शर्यत लावून त्यांनी हे कागद मिळविले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. त्यानंतर निदान आपल्या घरचा रुमाल कोणाच्या हाती द्यावा, ह्या प्रश्नास एक उत्तर मिळाले. तरी ते उत्तर किती घरांपर्यंत पोहोचले, ह्याची साक्ष आमची हकीकत देईल.

(५)

राजवाड्यांनी कागदांसाठी जे केले ते घरातील वस्तूंसाठी दिनकर केळकर ह्यांनी केले. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणाऱ्या ह्या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला, आणि लोक ज्यास अडगळ म्हणत त्यातून दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, वाद्ये व कोरीव दरवाजे वेचून काढले. अकाली निवर्तलेल्या आपल्या लहानग्या मुलाच्या स्मरणार्थ त्यांनी त्यास ‘राजा’ केळकर संग्रहालय असे नाव दिले, व १९७५ मध्ये सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुण्यास जाणाऱ्याने तो अवश्य पाहावा. तेथील प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी घरी एकदा नकोशी झालेली होती, ही जाणीव ठेवून पाहिल्यास तो अधिक बोलका वाटेल.

परंतु प्रत्येक घराचे संग्रहालय करता येत नाही आणि करूही नये. ज्या घरात काहीच बाहेर जात नाही तेथे वावरावयास जागा उरत नाही, आणि जुन्या वस्तू पेटीत कोंडून ठेवणे म्हणजे त्यांचा सांभाळ करणे नव्हे. जुने मराठी घर साठवणारे नव्हते, ते पुढे पाठविणारे होते. मग आजच ह्या पाठवणीत अडचण का आली?

एक कारण नगरांच्या वाढीत आहे. पॅरिसचे प्रीफेक्ट यूजेन पूबेल ह्यांनी १८८३-८४ मध्ये प्रत्येक घरमालकाने केरासाठी झाकणाची पेटी ठेवावी असा हुकूम काढला, तेव्हा चिंध्या वेचून पोट भरणाऱ्या लोकांनी त्याविरुद्ध मोठा गिल्ला केला. पुढे फ्रेंच भाषेत केराच्या पेटीसच ‘पूबेल’ हे नाव पडले. पेटीने आरोग्य सुधारले ह्यात शंका नाही; पण तिने घरातील माणसास एक नवी सवलतही दिली. वस्तू कोणाकडे जाते हे न पाहता ती हातावेगळी करण्याची ती सवलत होय. आपल्याकडे मुंबईचा केर १९२७ पासून देवनारच्या भूमीवर पडू लागला. महाड आणि देवनार ह्यांचे वर्ष एकच असावे हा योगायोग खरा. पण ज्या वर्षी एका समाजाने दुसऱ्याचे टाकलेले घेणार नाही असे म्हटले, त्याच वर्षापासून एका महानगराने आपले टाकलेले दुसऱ्यांच्या वस्तीशेजारी रचावयास प्रारंभ केला, ही नोंद आम्हांस विसरता येत नाही. २०१६ च्या जानेवारीत त्या ढिगास आग लागली, तेव्हा धूर सबंध शहरावर पसरला, आणि टाकलेल्या वस्तू कोठे असतात हे ज्यांनी कधी विचारले नव्हते त्यांच्याही नाकाशी तो पोहोचला.

दुसरे कारण वस्तूंच्या जातीत आहे. तांबे, सूत, लाकूड, कागद ह्यांची पुढची वाट आपल्या आजीस ठाऊक होती. प्लास्टिक, विजेची उपकरणे, बॅटऱ्या, पाऱ्याच्या नळ्या ह्यांची वाट आपणांस ठाऊक नाही. बंद पडलेला संगणक किंवा दूरध्वनी भंगारात गेला म्हणजे पुष्कळदा त्यातील तारा उघड्यावर जाळून तांबे काढतात, पट्ट्या आम्लात बुडवून मौल्यवान धातू काढतात, आणि शिसे व विषारी धूर ते काम करणाऱ्याच्या, बहुधा मुलाबाळांच्या, छातीत जातात. पैठणी जाळून चांदी काढण्याचाच हा नवा अवतार; फरक इतकाच की, आता वस्तूबरोबर माणूसही जळतो. ह्यावर सरकारने २०११ मध्ये प्रथम व २०२२ मध्ये नव्याने नियम केले, आणि अशी उपकरणे परत घेऊन त्यांची योग्य वासलात लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घातक असा केर घरातच वेगळा करावयास सांगितले. नियम चांगले आहेत. ते पाळण्याची सुरुवात मात्र आपल्या स्वयंपाकघरातूनच व्हावयाची असते.

आणि ‘कोणाला’ ह्या प्रश्नाचे एक नवे, स्वाभिमानाचे उत्तर पुण्यानेच दिलेले आहे. १९९३ साली डॉ. बाबा आढाव व त्यांचे सहकारी ह्यांच्या प्रयत्नांनी तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. केर वेचणाऱ्या, बहुतांशी दलित समाजातील, स्त्रिया तीत संघटित झाल्या. २००८ मध्ये त्यांच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा केर उचलू लागली. ज्यांच्या पूर्वजांस जीर्ण वस्तू घेण्याचा दंडक होता, त्या येथे आपल्या श्रमाची फी मागतात, ओळखपत्र दाखवितात, आणि केर वेगळा केला नसेल तर घरमालकिणीस तसे स्पष्ट सांगतात. जुन्या साखळीतील जे चांगले होते ते, म्हणजे वस्तूची पुढची वाट ठाऊक असणे, येथे टिकले आहे; जे वाईट होते ते येथे मोडले आहे. आमच्या मते अलीकडील मराठी समाजाच्या इतिहासातील ही एक लक्षणीय घटना होय.

तात्पर्य, टाकणे असे काही जगात नाही; जे आहे ते पाठविणे आहे. आपण ज्यास टाकले म्हणतो ते कोणाच्या तरी अंगणात, हातात किंवा फुप्फुसात जाऊन पोहोचलेले असते. तेव्हा यंदाची आवराआवर करण्यापूर्वी आमच्या वाचकांनी एक दुपार घरातील सर्वांत वयस्क बाईंस माळ्याखाली बसवून, प्रत्येक वस्तू कोणाची व कशाची हे तिच्या तोंडून ऐकावे आणि लिहून घ्यावे. न वाचता येणारा एकही कागद मोडी जाणणाऱ्यास दाखविल्यावाचून बाहेर जाऊ देऊ नये. जो कपडा धुऊन, शिवून, बटणे लावून देण्याजोगा आहे तोच द्यावा, आणि न मागता देऊ नये. उरलेल्याचे पोतेरे करावे, त्यात कमीपणा नाही. बंद पडलेली उपकरणे भंगारात न घालता ती स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्राकडे पोहोचवावी. फुटकी काच कागदात गुंडाळून, वर तसे लिहून ठेवावे. कारण ती उचलणारा हात आपल्यासारखाच आहे.

इतके केल्यावर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी केरसुणीस हळदकुंकू वाहण्याचा आपणांस अधिकार पोहोचतो. आमच्या घरी त्या दिवशी पेटीच्या झाकणातून सोडविलेली ती घरखर्चाची याद चोपड्यांबरोबर पूजेस ठेवतात. तिच्या माथ्यावरही ‘श्री’ आहे.